घडीच्या सायकलीची वारसदार

मित्रांनो, या शहरातील थोर प्रवाशांची नावे जेव्हा कधी एकत्र केली जातील, तेव्हा माझे नाव वगळणे कोणालाही जड जाईल. मी ऊन पाहिले आहे, चिखल पाहिला आहे, नदी ओलांडली आहे आणि ऐन संध्याकाळी कर्वे रस्त्यावर डोके शांत ठेवून दाखवले आहे. तरीही खरे सांगणे माझे कर्तव्य आहे. या प्रवासातला बराचसा भाग मी मेट्रोच्या डब्यात, दुमडलेल्या अवस्थेत, एका बाईंच्या पायाशी बसून केला. उरलेल्यातला बराचसा जिन्यात, त्याच बाईंच्या हातांत. चाके जमिनीला टेकवून मी जे अंतर कापले ते ऐकून तुमचा हिरमोड होईल, म्हणून तो आकडा मी सांगत नाही.

मी एक जुनी घडीची सायकल आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. शेजारच्या रांगेत सरळ सायकली तयार होत होत्या. त्यांना नुसता सांगाडा असतो, मला कंबर आहे. त्या कंबरेत बिजागरी असते आणि त्या बिजागरीवर माझी सगळी प्रतिष्ठा अवलंबून असते. ती बसवणाऱ्या कामगाराने मला उघडले, मिटले, पुन्हा उघडले आणि समाधानाने मान हलवली. माझ्याविषयी इतके स्पष्ट मत त्यानंतर फार कमी लोकांनी दिले.

पुढे मी कोथरूडच्या एका दुकानात दाखल झाले. लोक यायचे, "अय्या, घडी होते!" म्हणायचे, माझी घडी घालून बघायचे, मला तशीच अर्धवट दुमडलेली सोडून शेजारची गिअरची सायकल घेऊन जायचे. मी करमणुकीचे साधन झाले होते. आणि मग एके दिवशी शालन ओव्हाळ आल्या. दूरध्वनी खात्यातून नुकत्याच निवृत्त झालेल्या, केस तेल लावून घट्ट बांधलेले, बोलणे त्याहून घट्ट. त्यांनी "अय्या" म्हटले नाही. "मिटल्यावर फ्रीज आणि भिंतीच्या मध्ये मावेल का?" एवढेच विचारले आणि पिशवीतून मोजपट्टी काढली.

या प्रश्नामागे त्यांच्या सोसायटीची पाटी होती. ओव्हाळ राहतात ती इमारत तीन मजली आहे आणि ते तिसऱ्यावर आहेत. लिफ्ट नाही. रीडेव्हलपमेंट होणार असल्यामुळे लिफ्ट बसवत नाहीत, आणि रीडेव्हलपमेंट होणार हे शालनताईंचा मुलगा आयुष शाळेत होता तेव्हापासून ठरलेले आहे. आयुषला आता टक्कल पडू लागले आहे. पार्किंगमध्ये प्रत्येकाला एकाच वाहनाची जागा, तिथे यजमान रामदासरावांची स्कूटर. आणि जिन्याखाली ही पाटी: 'येथे सायकली लावू नयेत. लावल्यास चाकांतील हवा गेल्याची तक्रार करू नये.'

म्हणून शालनताईंनी घरातच नेता येईल अशी सायकल घेतली. पण पुण्यातल्या सोसायटीत असे सहज काही घडत नसते. सेक्रेटरी करंदीकरांनी हरकत घेतली की वाहन घरात नेणे नियमात बसत नाही, आणि माझ्यावर खास सभा भरली. मी वाहन आहे की सामान, यावर सुशिक्षित माणसे चहा गार होईपर्यंत बोलत होती. मला मधोमध ठेवले होते. कोणी उघडत होते, कोणी मिटत होते. शेवटी निर्णय झाला: उघडी असताना वाहन, मिटलेली असताना सामान. मात्र जिन्यात सामान ठेवण्यास मनाई असल्याने फाटकापासून घरापर्यंत मला कुठेही टेकवायचे नाही.

"आणि मध्ये दम लागला तर?" शालनताईंनी विचारले.

"दम आपण घरी जाऊन घ्यावा," करंदीकर म्हणाले.

शालनताईंनी तो निर्णय अक्षरशः पाळला. सामान तर सामान.

मित्रांनो, एवढी खटपट कशासाठी, असे तुम्ही विचाराल. येरवड्यात, मेट्रोच्या स्टेशनपासून बऱ्यापैकी आत, एका गल्लीत शालनताईंच्या आई मुक्ताबाई एकट्या राहतात. गल्ली इतकी अरुंद की रिक्षावाला तोंडाशीच मान हलवतो. मुक्ताबाईंचे वय विचारू नका, त्या दर वेळी वेगळे सांगतात. त्यांच्या डोळ्यांत रोज संध्याकाळी थेंब घालावे लागतात. ते वेळेवर पडले नाहीत तर आहे तेवढी नजरही जाईल, असे डॉक्टरांनी बजावले आहे. आणि थेंब शालनताईंनीच घालायचे. दुसऱ्या कोणी घातले की ते कानात जातात, असा मुक्ताबाईंचा आरोप आहे.

"आई, कोथरूडला ये ना राहायला," शालनताई म्हणायच्या.

"तुमच्या तिथं दारं लावून बसत्यात लोकं. मेले तरी वासावरनं कळायचं. हितं शिंकले तरी चौघी इचारत्यात." आणि विषय संपायचा. गल्लीच्या टोकाला विहार होता, तिथली संध्याकाळची वंदना चुकवून त्या स्वर्गातही गेल्या नसत्या. स्वर्ग आहे असे त्या मानत नाहीत, तो भाग वेगळा.

तर आमचा दिनक्रम असा. दुपारी तीन मजले खाली, घरापासून मेट्रोपर्यंत माझ्यावरून, मग मी त्यांच्या पायाशी, मग येरवड्यात पुन्हा उघडून थेट मुक्ताबाईंच्या उंबऱ्यापर्यंत. मुक्ताबाई मला घोडी म्हणायच्या.

"आली का घोडी? आत घे तिला, उन्हात नको," म्हणत त्या मला खाटेशेजारी जागा करायच्या. इतकी आस्था मला फ्रीजनेही कधी दाखवली नाही.

मेट्रोत माझे कौतुक व्हायचे. एकदा कानात तारा घातलेला एक मुलगा म्हणाला, "आंटी, किती कूल आहे ही!"

"कूल नाही, तेरा किलो आहे," शालनताई म्हणाल्या.

त्या तेरा किलोंनीच पुढे घात केला. एकाच वर्षी दोन सांधे बिघडले. एक शालनताईंच्या उजव्या गुडघ्यातला, एक माझ्या कंबरेतला. गुडघ्याचे डॉक्टर म्हणाले, "सायकल खुशाल चालवा, चांगलीच आहे. फक्त जिन्यात जड उचलू नका."

"पण चालवण्यासाठी ती आधी उचलून खाली आणावी लागते."

डॉक्टरांनी थोडा विचार केला आणि हा प्रश्न वैद्यकीय नसल्याचे सांगितले.

माझे निदान दुकानातल्या सूरजने केले. बिजागरीजवळ केसाएवढी चीर होती. "मॅडम, हिला आता रस्त्यावर काढू नका. वेल्डिंग टिकणार नाही. पळता पळता ही दुमडली, तर तुम्हीपण दुमडाल."

मी फ्रीज आणि भिंत यांच्यामध्ये कायमची उभी राहिले. दिवस निघून गेले. माझ्या साखळीला कोणी तेल घातले नाही. माझ्या सीटवर आधी वर्तमानपत्रे आली, मग रिकाम्या पिशव्यांची पिशवी आली. वस्तूचे निवृत्तिवेतन हे असे असते.

आयुषने आईची सोय केली. "आई, लॉजिकली बघ. मी रोज तुला ऑफिसमधून कॅब बुक करून देतो. टेन्शनच नाही." आणि तो खरोखर रोज करून द्यायचा. पण कॅब कधी यायची, कधी येते येते म्हणून निघून जायची, कधी पुलावर अडकायची. गल्लीच्या तोंडापासून पुढे गुडघा सांभाळत चालायचे ते वेगळेच. एका दिवशी शालनताई पोहोचल्या तेव्हा अंधार पडला होता. मुक्ताबाई दारात बसल्या होत्या, हातात थेंबांची बाटली घट्ट धरून. शालनताईंनी हे घरी येऊन रामदासरावांना सांगितले, तेव्हा मी तिथेच फटीत होते, म्हणून मला माहीत.

"आई काय म्हणाली?" रामदासरावांनी विचारले.

"म्हणाली, आता तू त्या डायवरच्या मर्जीनं येनार व्हय?" मग शालनताई म्हणाल्या, "अहो, मला सायकल हवी. हिच्यासारखीच. पण हिच्यासारखी नाही."

रामदासराव उठून बसले. हा त्यांच्या आवडीचा प्रांत होता. ते एका सरकारी खात्याच्या भांडारात आयुष्यभर खरेदी करत आले होते आणि निवृत्तीनंतर घरात नारळही तीन दुकानांतून दर मागवल्याशिवाय येत नसे. त्यांनी चष्मा लावला आणि नव्या सायकलीच्या अटी लिहायला घेतल्या. मडगार्ड असावे. कॅरिअर असावे. स्टँड भक्कम असावा. आयुषने फोनवरून भर घातली: गिअर हवेत, डिस्क ब्रेक हवेत, पुढे सस्पेन्शन हवे.

"मला काय हवं ते कुणी विचारणार आहे का?" शालनताईंनी स्वयंपाकघरातून विचारले.

"अगं, तेच तर लिहितोय," रामदासराव मान वर न करता म्हणाले. शेवटी त्यांनी लिहिले, 'व घडी व्हावी'.

तीन दुकानांतून एक सायकल निवडली गेली. ती नारिंगी होती, टायर जाडजूड, गिअर इतके की सगळे वापरायला घाट लागला असता. सोसायटीच्या गल्लीत रामदासरावांनी ती चालवून पाहिली. आयुषने चालवून पाहिली. शालनताईंनीही चालवून पाहिली आणि त्यांनाही ती आवडली. तेव्हा दोष एकट्या कोणाचा म्हणता येणार नाही. सगळ्यांनी सायकल सायकलीसारखी तपासली. दुकानदाराने दोन दिवस वापरून बघा, म्हणून ती देऊन टाकली. खिडकीतून मी तिला पाहिले. देखणी होती, मी खोटे कशाला बोलू?

मग शालनताईंनी तिची घडी घातली आणि ती वर आणायला सुरुवात केली.

पहिला मजला पार झाला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर गुडघ्यातून कळ आली. त्या क्षणी नारिंगी सायकल त्यांच्या दोन्ही हातांत आपोआप उघडली आणि कठडा व भिंत यांच्यामध्ये आडवी अडकून बसली. आमचे दार उघडेच होते, म्हणून हे सगळे मला ऐकू आले, आणि काही दिसलेही.

वरून करंदीकर पिशवी घेऊन खाली येत होते. ते थांबले. "हे आत्ता वाहन आहे की सामान?"

"आत्ता हे खडकवासल्याचं धरण आहे, करंदीकर. पलीकडचं पाणी अलीकडे येणार नाही," शालनताई म्हणाल्या आणि पायरीवर खाली बसल्या.

खालून रामदासरावांचा आवाज आला, "उघडली कशी? घडी होते असं स्पष्ट लिहून घेतलंय!"

"घडी होते हो. राहत नाही."

त्यावर कोणीतरी हसेल असे मला वाटले, पण शालनताई गुडघा दोन्ही हातांनी दाबून बसल्या होत्या आणि त्यांचे तोंड पांढरे पडले होते. करंदीकरांनी ते पाहिले. त्यांनी पिशवी बाजूला ठेवली. हो, जिन्यात. "आपण दम घ्या," ते म्हणाले. "टेकलेली असू द्या. अपवाद म्हणून." मग त्यांनी स्वतः ते चाक भिंतीपासून सोडवले आणि कोपराला ऑईल लागल्याबद्दल कोणाकडेही तक्रार केली नाही. या इमारतीच्या इतिहासात ही मोठी घटना आहे, पण तिची नोंद कुठे सापडणार नाही.

नारिंगी सायकल दुसऱ्या दिवशी परत गेली. शालनताई माझ्यासमोर स्टुलावर बसल्या. "राहू दे आता," त्या म्हणाल्या. "आईला सांगते, कॅब येईल तशी येईन. नाहीच पोहोचले, तर शेजारणीकडून थेंब घालून घे म्हणावं."

"कानात जातात म्हणते ना ती," रामदासराव हळू आवाजात म्हणाले. त्यांना थट्टा करायची होती की नाही, हे त्यांनाही ठरवता आले नसावे.

मी काही बोलू शकत नव्हते. बोलता आले असते तर म्हणाले असते, बाई, मला सगळ्यांनी उघडून पाहिले, पण तुम्ही माझ्याबरोबर सर्वांत जास्त वेळ काढलात तो मी मिटलेली असताना. माझ्याविषयीचे खरे ज्ञान तुमच्या दंडांत आहे.

शालनताईंनी सीटवरची पिशव्यांची पिशवी काढली. जवळचे फडके घेऊन माझी धूळ पुसू लागल्या. मग मागची बाजू पुसायला सवयीने दोन्ही हात घालून मला उचलले आणि फटीतून बाहेर आणले. तेवढ्यात गुडघा लचकला. त्यांना आधार हवा होता, पण दोन्ही हात माझ्यात गुंतलेले होते. त्यांनी मला धाडकन खाली ठेवले, फ्रीज धरला आणि उभ्या राहिल्या. नीट. तोल न जाता. मग फ्रीजवरच्या आपल्या हाताकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "आपलं सगळं उलटं लिहिलं गेलं. मला गिअर नकोत. मला कठडा धरायला एक हात मोकळा हवा."

रामदासरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "एक हात मोकळा," ते म्हणाले. "ही अट आमच्या खात्यात कधी आली नव्हती."

दुसऱ्या दिवशी मला कॅबच्या डिकीत घालून दुकानात नेले. तुलनेसाठी. दुकानात माळ्यावर जायला एक उभा लाकडी जिना होता. शालनताईंनी सूरजला होत्या तेवढ्या घडीच्या सायकली खाली काढायला लावल्या, मिटायला लावल्या आणि एकेक उजव्या हातात घेऊन, डावा हात कठड्यावर ठेवून, माळ्यावर चढू लागल्या.

सूरज गोंधळला. "मॅडम, आधी चालवून तरी बघा!"

"चालवायला येतं मला."

गिऱ्हाईके थांबून बघू लागली. एक सायकल हलकी होती, पण तिचे पेडल पोटरीला घासत होते. ती नापास. एकीचे हँडल दर पायरीला गुडघ्यावर आपटे. ती नापास. एक तिसऱ्याच पायरीला उघडायचा विचार करू लागली. रामदासराव जिन्याखाली दोन्ही हात पसरून उभे होते. सायकल पडली तर झेलायला की शालनताई, हे त्यांनी कोणाला सांगितले नाही.

शेवटी भिंतीजवळ एक उरली. दुधी भोपळ्याच्या रंगाची, चाके लहान, गिअर एकही नाही. तिच्याकडे इतके दिवस कोणी पाहिलेच नव्हते, त्यामुळे तिच्या चेहऱ्यावर कसलीही आशा नव्हती. तो चेहरा मी ओळखला. शालनताईंनी तिला मिटले. ती मिटली आणि मिटलेलीच राहिली. मधल्या दांड्याला धरायला मूठ होती. त्या एका हातात तिला घेऊन वर गेल्या, खाली आल्या, पुन्हा वर गेल्या. खाली आल्यावर तिला प्रवासी बॅगेसारखी फूटपाथवर ओढून पाहिली. ती मुकाट्याने मागे मागे आली.

"ही," शालनताई म्हणाल्या.

आयुष व्हिडिओ कॉलवर होता. "आई, सीरियसली? गिअर नाहीत हिला! सर्कसमधली वाटते."

"मेट्रोपर्यंत रस्ता सपाट आहे. आणि तुझी आजी मला गिअर विचारत नाही."

"अगं पण स्लो जाशील."

"थोडं आधी निघेन. कॅबची वाट बघण्यात जात होता तेवढा वेळ आहे माझ्याकडे."

मग कुठे त्यांनी ती चालवून पाहिली. लहान चाकांमुळे खड्ड्यांत जरा उड्या मारत होती, वेगही बेताचा होता. परत आल्यावर त्यांनी निकाल दिला, "चालते." पुण्यात यापेक्षा वरची पदवी देत नाहीत.

सूरजने माझ्याकडे बोट दाखवले. "ही जुनी ठेवून जा, एक्सचेंजमध्ये धरतो. भंगारातच जाईल म्हणा."

माझ्या टायरांत थोडी हवा शिल्लक होती, ती मी रोखून धरली. शालनताई काही बोलणार तोच त्यांचा फोन वाजला. पलीकडून मुक्ताबाई इतक्या मोठ्याने बोलत होत्या की अख्ख्या दुकानाला ऐकू गेले.

"मिळाली का गं? आन् जुन्या घोडीचं काय केलंस? इकू नगंस तिला. हितं आन. दारात हुबी करू."

अशी मी येरवड्याला आले. माझ्या कंबरेला आता नायलॉनची दोरी बांधली आहे, उघडायचे नाही, मिटायचे नाही. मी मुक्ताबाईंच्या दाराशी भिंतीला टेकून उभी असते. साखळीला महिन्यातून एकदा खोबरेल मिळते. ते सायकलीचे तेल नव्हे, पण मुक्ताबाईंच्या मते केसांना चालते तर हिला का नाही?

नवी पहिल्यांदा इथे आली तेव्हा मुक्ताबाईंनी दारातून तिला न्याहाळले. "ही काय गं, शिंगरू?" त्या म्हणाल्या. "आन आत. उन्हात नको." मग शालनताईंनी हात धुतले, मुक्ताबाईंनी मान मागे केली आणि थेंब डोळ्यांत पडले. बाहेर ऊन होते. विहारातली वंदना सुरू व्हायला अजून बराच वेळ होता.

गुडघा अजून कुरकुरतो. पण परवा शालनताई आईला सांगत होत्या की करंदीकर जिन्यात भेटले, तेव्हा कठड्याकडची बाजू सोडून भिंतीला चिकटून उभे राहिले. नियमात तसे कुठे लिहिलेले नाही.

मित्रांनो, एका जुन्या सायकलीचे ऐका. एखादी वस्तू घेताना ती चालताना कशी दिसते एवढ्यावर भुलू नका. ती थांबल्यावर तुम्हाला तिच्याशी कसे वागावे लागेल, याचाही विचार करा. कोणासाठी घेत असाल, तर त्या माणसाला आधी विचारा, आणि विचारल्यावर मान वर करून उत्तर ऐका. जुन्या वस्तूंना टाकू नका. त्यांना पुसा, तेल द्या, सावलीत ठेवा. त्यांनी तुमचे ओझे वाहिले आहे, आणि काहींचे तुम्हीही वाहिले आहे.

आणि एक लहानशी विनंती. मुक्ताबाईंना हल्ली ऐकू कमी येते, म्हणून या घरी येणारा प्रत्येक जण माझी घंटी वाजवतो. गल्लीतली तुम्ही मुले तर येताना, जाताना आणि मधल्या वेळातही वाजवता. कृपा करून एकदाच वाजवा. त्यांना ऐकू येत नाही, मला येते.